रहाडीच्या गाण्यात ‘नाशिक’ला यमक सापडत नाहीये

सातपूरकर_ढोलवाला

राम राम मंडळी. इथे कविता-गाणी लिहिणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतोय.

आमचं मूळ घर तिवंध्याजवळ. आता राहायला सातपूरला, कंपनीत शिफ्ट. पण रंगपंचमीला काहीही झालं तरी ढोल घेऊन जुन्या नाशकात हजर. बाहेरच्यांसाठी सांगतो, रहाड म्हणजे पेशव्यांच्या काळापासूनचा दगडी हौद. वर्षभर लाकडं टाकून, वर माती घालून बुजवलेला असतो, त्यावरून गाड्यासुद्धा जातात. रंगपंचमीला उघडायचा, रंगाचं पाणी भरायचं, पूजा करायची आणि मग पोरं उड्या मारतात. त्या उडीला आम्ही धप्पा म्हणतो.

यंदा पोरांचं म्हणणं, दरवर्षी त्याच त्या फिल्मी गाण्यांवर काय नाचायचं, आपलं स्वतःचं गाणं पाहिजे. वाढदिवसाच्या बॅनरवरच्या चारोळ्या मी लिहितो, तेव्हा हेही माझ्याच गळ्यात. चाल तयार आहे, साधा केरवा, आठ मात्रा. धृपदाची पहिली ओळ अशी:

ढोल वाजतो, ताशा गाजतो, रंगात न्हातं नाशिक

आणि पुढे गाडी बंद. ‘नाशिक’ला यमक म्हणून आत्तापर्यंत सुचलेले शब्द: मासिक, पाक्षिक, पौष्टिक, प्लास्टिक. ‘आशिक’ चपखल बसतो, पण तो टाकला तर गल्लीतल्या आत्या-मावश्या वर्गणी द्यायच्या नाहीत. मोबाइलवरच्या एआयलाही विचारून पाहिलं. त्याने दिलेले अर्धे शब्द हिंदी निघाले, आणि एक तर कुठल्याच भाषेतला नसावा.

तुम्ही लोक यमकं शोधता कशी? एखादं ॲप, पुस्तक, युक्ती, काहीही सांगा.

---

चांदोरीची_स्नेहल

भाविक, नाविक, रसिक, मार्मिक, माणिक, ऐतिहासिक, धार्मिक. ‘भाविक’ तर नाशिकला शोभतोच, सिंहस्थही येतोय. घ्या आणि लिहा, एवढं काय त्यात.

---

सातपूरकर_ढोलवाला

ताई, भाविक लावून पाहिला. कागदावर ठीक वाटतो. पण काल पोरांकडून म्हणवून घेतलं तर ढोलाखाली शेवटचा ‘क’ ऐकूच येत नाही. ‘भाविक’चं ‘भावी’ होतं आणि पब्लिकला वाटतं आता नगरसेवकाचं नाव येणार.

---

जुना_जुळारी

ढोलवाल्या, मी छापखान्यातला माणूस. खिळ्यांच्या छपाईच्या काळात जुळारी होतो, म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर लावायचो, आता घरी बसून लग्नपत्रिकांचा मजकूर, मंगलाष्टकं, मुंजीच्या चारोळ्या असलं लिहून देतो. कवी नाही, पण गिऱ्हाइकाला उद्या सकाळी यमक लागतंच, त्यामुळे शोधायची सवय झाली. जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाच.

पहिलं म्हणजे तुझ्या ‘क’ची तक्रार बरोबर आहे. ‘नाशिक’ लिहिताना शेवटी ‘अ’ आहे, पण बोलताना तो आपण खातो, शब्द ‘क्’वर आपटून थांबतो. आपटलेला शब्द लांबवता येत नाही. म्हणून तर पोवाड्यात ‘जी जी रं जी’ लागतं, गवळणीत ‘गं’ लागतो, तान घ्यायला मोकळा स्वर हवा म्हणून. चौकात दोनशे लोकांनी ओरडायची ओळ असेल तर तिचा शेवट आ, ई, ए, ओ यांपैकी कशावर तरी झालेला बरा. निदान शेवटच्या व्यंजनाआधी ‘आ’सारखा लांब स्वर तरी पाहिजे.

दुसरं, तू शब्द कोशातल्या रूपात धरून बसलायस. तुझ्याच प्रश्नात तू ‘जुन्या नाशकात’ असं लिहिलंस, ते तुझं तुला दिसलं नाही. आपण बोलताना नाशिकला कुठे म्हणतो? नाशकाला, नाशकात, नाशकाचा. प्रत्यय लागला की ‘शि’ची वेलांटी पडते आणि शब्द वेगळाच वाजायला लागतो. आता बघ:

नाशकात – चौकात – झोकात – धाकात – नाकात – नाटकात – फाटकात

नाशकाला – काला – गोपाळकाला

‘प्लास्टिक’पेक्षा बरं आहे की नाही? ‘नाटकात’ आणि ‘फाटकात’ तर मागपर्यंत जुळतात. मराठीत यमक शोधताना मी आधी शब्दाला सगळे प्रत्यय लावून पाहतो. मूळ शब्दाला यमक मिळत नसेल तर त्याच्या सातव्या-आठव्या रूपाला मिळतं. इंग्रजी गाणी लिहिणाऱ्यांना ही चैन नाही.

पण या चैनीत एक गोम आहे. नुसता प्रत्यय जुळला की यमक झालं असं समजू नकोस. ‘घरात’ आणि ‘शेतात’ यांत जुळतंय ते फक्त ‘आत’. क्रियापदांत तर फारच फसगत होते. ‘नाचतो, भिजतो, हसतो’ असं लिहून लोक मोकळे होतात. त्यात ‘तो’ काळाने फुकट दिलेला, कवीने काय केलं? धातू जुळला पाहिजे. भिजतो – थिजतो – झिजतो. नाचतो – वाचतो – काचतो. ‘तो’च्या आधी काय आहे ते बघायचं.

आता शोधायचं कसं. माझी पद्धत अगदी बाळबोध आहे, बाराखडी. तुझ्या गाण्याचा खरा नायक नाशिक नाहीच, रहाड आहे. तिचा शेवट ‘आड’. मग क पासून ह पर्यंत एकेक अक्षर पुढे लावत जायचं, मोठ्याने. काड, खाड, गाड... अर्थ नसलेले सोडून द्यायचे. हाताला लागतात ते: चाड, जाड, झाड, ताड, द्वाड, धाड, पाड, माड, लाड, हाड. एक फेरी झाली की दुसरी फेरी, मागे एक-दोन अक्षरं जास्तीची: उनाड, उजाड, कवाड, गिधाड, घबाड, पहाड, लबाड, बिऱ्हाड, वऱ्हाड.

इथे थांब. रहाड भरभर म्हणून बघ. ‘र’ आणि ‘ह’ एकमेकांत शिरतात, ‘ऱ्हाड’ ऐकू येतं. म्हणजे रहाड, वऱ्हाड, बिऱ्हाड यांत नुसता शेवटचा ‘आड’ नाही, आख्खं ‘ऱ्हाड’ जुळतंय. असं यमक सहसा सापडत नाही. आणि अर्थही जवळचा, रंगपंचमीला जुन्या नाशकात लोक लोटतात ते वऱ्हाडासारखेच की. ‘उनाड’, ‘द्वाड’, ‘लबाड’ हे तुमच्या पोरांसाठी आहेतच.

मोठ्याने म्हणायचं असं सांगतोय कारण लिपी फसवते. ‘मंदिर’ची वेलांटी ऱ्हस्व, ‘खीर’ची दीर्घ, पण कानाला दोन्ही सारखेच. याउलट ‘नाचा’ आणि ‘वाचा’. ‘पुस्तक वाचा’मधलं असेल तर झकास जुळतं. ‘वाचा फुटली’मधलं असेल तर तो ‘च’ वेगळा, कागदावर कितीही सारखा दिसो. ल आणि ळ यांचंही तसंच, ‘गुलाल’ला ‘आभाळ’ लावू नको, ळ जिभेला जड पडतो.

शेवटचं सांगतो. यमक ओळीच्या शेवटीच हवं असं कुणी सांगितलं? मोठ्या अभंगाची मोजणी बघ, सहा-सहा-सहा-चार अक्षरं. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात, चौथा चरण मोकळा. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया’, यात ‘विटेवरी’ला ‘कटावरी’ आहे, ‘ठेवोनिया’ला काहीही नाही, आणि चारशे वर्षं कुणाचं अडलेलं नाही. ओवीतही पहिले तीन चरण जुळतात आणि चौथा आखूड, सुटा. उखाण्याचं बघ: ‘गोदेच्या पाण्यात दिव्यांची रांग, अमुकरावांचं नाव घेतलं, पुढचं तू सांग’. नवऱ्याचं नाव बदलता येत नाही म्हणून बायकांनी ते यमकाच्या जागेवरून उचलून मध्ये ठेवलं. अडलेल्या शब्दाची जागा बदलायची.

नाशकात हे चार अक्षरी आहे. मोजून घे. म्हणून:

मोकळे कवाड। भरली रहाड।
उतरे वऱ्हाड। नाशकात॥

हे तुला फुकट.

---

इंदिरानगरची_गझलवेडी

जुळारीकाका, शेवटच्या दोन ओळींसाठी नमस्कार.

एक पर्याय माझ्याकडूनही. ढोलवाले दादा, तुम्हाला ‘नाशिक’ हाच शब्द घोषणेसारखा शेवटी हवाय ना? मग त्याला यमक शोधूच नका, त्याला रदीफ करा. गझलेत दोन गोष्टी असतात. रदीफ म्हणजे प्रत्येक वेळी जसाच्या तसा परत येणारा शेवटचा शब्द. आणि त्याच्या लगेच आधी काफिया, म्हणजे आपलं यमक, ते बदलत राहतं. यमकाची जबाबदारी ‘नाशिक’च्या अलीकडच्या शब्दावर टाकायची:

रंगात न्हालं नाशिक
लालच लाल झालं नाशिक
घराघरांतून आलं नाशिक
तिवंध्याला निघालं नाशिक

न्हालं, झालं, आलं, निघालं. हा साठा संपत नाही, प्यालं, भ्यालं, मिळालं, कळालं. ‘क’ ऐकू आला नाही तरी बिघडत नाही, कारण दुसऱ्या ओळीपासून पब्लिकला शेवटचा शब्द पाठ असतो, तेच ओरडतात.

काकांनी क्रियापदाबद्दल जे सांगितलं त्याला गझलेत अलामत म्हणतात, यमकाच्या जुळणाऱ्या अक्षराआधीचा स्वर तोच राहिला पाहिजे. ‘न्हालं’च्या पुढे ‘गेलं’ घेतलंत तर ‘लं’ आहे पण ‘आ’चा ‘ए’ झाला, गझलवाले लगेच बोट ठेवतील. सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ ही छोटी पुस्तिका मिळवा, हे सगळं त्यात सोप्या भाषेत आहे. गझल लिहायची नसली तरी वाचा.

(हे ‘वाचा’ पुस्तकवालं आहे, काका.)

---

पाथर्डीफाटा_कोडर

ॲप विचारलंय म्हणून. मराठीला धड म्हणावं असं यमकांचं ॲप मला मिळालं नाही, म्हणून घरगुती जुगाड केला. आपले कोश पहिल्या अक्षराने लावलेले असतात. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश घ्या, १९३२ ते १९३८ मध्ये निघालेले सात खंड, किंवा मोल्सवर्थ घ्या, ज्याची १८५७ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाने ऑनलाइन ठेवली आहे. माल भरपूर, पण यमकवाल्याला शेवटाकडून शोधायचं असतं.

तर करायचं एवढंच: शब्दांची यादी घ्यायची (स्पेलचेकच्या मोफत मराठी फाइली मिळतात), प्रत्येक शब्द उलटा करायचा, उलट्या रूपावर क्रम लावायचा आणि परत सुलटा करायचा. पायथनमध्ये दोन-तीन ओळींचं काम. संगणकाच्या दृष्टीने ‘घाट’ म्हणजे घ, काना, ट असे तीन तुकडे. उलटं केलं की ट, काना, घ. दिसायला भयानक दिसतं, पण ‘ट’ आणि त्याआधी काना असलेले सगळे शब्द एका रांगेत येतात: वाट, लाट, पहाट, अफाट, सुसाट, भन्नाट, किलबिलाट, गडगडाट. गडगडाट, कडकडाट, खणखणाट, लखलखाट ही तर आख्खी वसाहत सापडली, ढोलाच्या गाण्याला हवीच.

अडचणी दोन. काकांनी सांगितलेलं ‘मंदिर–खीर’ यात एकत्र येत नाही, कारण ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी संगणकाला वेगळी. मी शोधताना दोन्ही एकच करून टाकतो. शेवटच्या अक्षराला हा त्रास नाही, १९६२च्या लेखननियमांमुळे कवी, रवी, गुरू सगळे दीर्घच लिहिले जातात. आणि दुसरी, यादीत प्रत्यय लागलेली रूपं फार कमी असतात. म्हणजे ‘नाशकात’ माझ्या जुगाडाला कधीच सापडला नसता.

---

जुना_जुळारी

कोडरसाहेब, आम्ही स्टिकमध्ये, म्हणजे हातातल्या जुळणीच्या पट्टीत, खिळे उलटेच लावायचो आणि उलटेच वाचायचो. तुमच्या यंत्राला आत्ता कळलं. तो ‘आट’चा गठ्ठा मात्र मला पाठवा, मंगलाष्टकात ‘थाट’ आणि ‘ताट’ वापरून वापरून झिजलेत.

---

सातपूरकर_ढोलवाला

मंडळी, मी रात्रपाळी करून आलो आणि इथे सोनं लुटून ठेवलंय! सगळ्यांचे आभार. काकांचं कडवं सुरुवातीला ढोल न वाजवता घेतोय, फक्त झांज, भजनासारखं. मग एकदम ढोल पडतो आणि गझलवाल्या ताईंचं ‘न्हालं नाशिक, झालं नाशिक’ सुरू होतं. पोरांना आवडलंय. पहिलं कडवं असं केलंय:

पेठेमधली पोरं उनाड
कुणी साधी, कुणी द्वाड
आजी म्हणते पुरे झाले लाड
तीच म्हणते चल, कुठे रे रहाड?

चालेल का? आणि पुढे मला ‘झोप लागली गाढ’ घालायचंय, दिवसभर भिजून पोरं घरी येऊन पडतात त्यावर. पण तो ‘ढ’ आहे. ‘ड’ला ‘ढ’ चालतो का?

---

इंदिरानगरची_गझलवेडी

गझलेत नाही. गाण्यात चालतो. ढोलात तर कुणाला कळणारही नाही. आजीवाली शेवटची ओळ फार गोड आहे, तिला हात लावू नका. आधीच्या तिन्ही ओळी तिच्यासाठीच आहेत असं वाटतं.

---

जुना_जुळारी

तेच सांगणार होतो. जी ओळ सहज आली ती शेवटी ठेवायची आणि ओढून आणलेली आधी. ऐकणारा शेवटची ओळ घेऊन घरी जातो. ‘कुणी साधी, कुणी द्वाड’ ही भरतीची आहे हे दिसतं, पण ती दुसरी आहे, खपून जाईल. मात्र दुसऱ्या ओळीत मात्रा कमी पडतायत, टाळी देऊन म्हण म्हणजे कळेल. ‘कुणी साधी भोळी, कुणी द्वाड’ असं काही कर.

---

अकोल्याचा_पाहुणा

‘उतरे वऱ्हाड नाशकात’ वाचून मला वाटलं आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना बोलावणं आहे. बॅग भरली.

---

सातपूरकर_ढोलवाला

या की भाऊ! जुने कपडे घालून या, रंग सहजासहजी जात नाही.

काका, मात्रा दुरुस्त केल्या, ‘साधी भोळी’ बसलं. आता फक्त एक राहिलंय. दुसरं कडवं ‘धप्पा’वर पाहिजे. बाराखडी मीच फिरवली: कप्पा, गप्पा, टप्पा, ठप्पा, धप्पा. ‘बाप्पा’पण घेतलाय, पण त्यात ‘बा’ला काना आहे.

---

जुना_जुळारी

बाप्पा घे. ‘प्पा’ इतका जोरात पडतो की आधीचा काना कुणी मोजत नाही. ‘गप्पा’ पहिल्या ओळीत, ‘टप्पा’ दुसऱ्या, ‘बाप्पा’ तिसऱ्या, आणि ‘धप्पा’ शेवटी, त्याच्यावर ढोलाची थाप. धप्पाच्या आधी एक मात्रा रिकामी सोड. उडी मारणारा हवेत असतो तेवढा वेळ.

---

सातपूरकर_ढोलवाला

ती रिकामी मात्रा ताशावाल्याला पटवायची म्हणजे अवघड काम आहे, त्याला गप्प राहता येत नाही. बघतो. रेकॉर्डिंग झालं की इथेच टाकतो.